पलंगाखालच्या बाटल्या

मारोतरावांच्या तोंडातला थर्मामीटर काढून प्रेमिलाने तो खिडकीच्या उजेडात धरला. एकशे तीन. तिने तो बोटात फिरवून पुन्हा पाहिला, जणू बघण्यात चूक निघाली असती तर पाराही उतरला असता. एकशे तीनच. मे महिन्यातले सकाळचे सात वाजलेले, ऊन आत्ताच व्हरांड्याच्या खांबांवर चढलेलं, आणि हा साठी उलटलेला माणूस दोन चादरी गुंडाळून दात वाजवत होता. तिला दया यायला हवी होती. आला तो वैताग. "काल तर चांगले होता," ती म्हणाली, आणि म्हणताना आपला सूर शाळेतल्या बाईंसारखा लागल्याचं तिला कळलं. मारोतराव कुडकुडत हसले. ते खाप्याचे विणकर, आयुष्यभर मागावर बसलेले. हसताना त्यांचे खांदे अजूनही धोटा फेकल्यासारखे एकाआड एक हलायचे. "काल साहेब आले होते ना," ते म्हणाले. "साहेब येते तं मले ताप येते, सिस्टरबाई. मागच्या खेपीले बी असंच झालं. तुमी लिहून पाहा."

लिहून पाहा म्हणे. ती दुसरं करतच काय होती? तापाच्या तक्त्यावर तिने लाल शाईचा ठिपका दिला, कालच्या ठिपक्यापासून रेघ ओढली, आणि रेघ कागदाच्या वरच्या कडेकडे उभी चढली. उद्या गुरुवारी मारोतरावांचं ऑपरेशन ठरलं होतं. प्रोस्टेटची गाठ वाढल्याने त्यांना लघवी होत नव्हती. महिनाभर रबरी नळी घातलेली, नळीचं टोक पलंगाखालच्या काचेच्या बाटलीत सोडलेलं. ऑपरेशन दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा तापाने पुढे गेलं. हे तिसरं. साडेनऊला मोठ्या साहेबांना, ऑपरेशन करणाऱ्या सर्जनांना, फोन लावला तेव्हा ते म्हणाले, "सोमवारी घेऊ. तोवर पुन्हा ताप चढला तर नळीसकट घरी पाठवा. पलंग असा अडवून ठेवता येत नाही, सिस्टर. आणि मेमोचं उत्तर शनिवारपर्यंत द्या." नळीसकट खाप्याला गेलेला माणूस किती दिवस काढतो ते प्रेमिलाला ठाऊक होतं. ऊन, धूळ, नळी बदलायला कोणी नाही. एक दिवस नळी तुंबते, मग मूत्रपिंडं, मग दोन महिन्यांनी बायको जुना केसपेपर घेऊन मृत्यूच्या दाखल्यासाठी येते.

मेमो तिच्या टेबलाच्या खणात होता. वॉर्डातील नळी घातलेल्या रुग्णांमध्ये ज्वराचं प्रमाण वाढलं असून ते शुश्रूषेतील हलगर्जीपणामुळे असल्याचं दिसतं, खुलासा करावा. हलगर्जीपणा! ती एकेक नळी घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायची. स्टोव्हमध्ये रॉकेल नसलं तर स्वतः खालच्या मजल्यावरून आणायची. साबणाच्या वड्या कापून मोजून द्यायची. नळाच्या वर तिने पुठ्ठ्याची पाटी टांगली होती, 'प्रत्येक रुग्णानंतर हात धुवा', आणि तिसऱ्या दिवशी रंभाबाई आयाने त्याच पाटीच्या खिळ्याला ओलं फडकं अडकवलं. "दुसरा खिया कुठी हाय वं बाई इथं?" रंभाबाईने उलट विचारलं. खरंच, दुसरा खिळा कुठे होता? मग प्रेमिलाने नातेवाइकांना धरलं. भेटीच्या वेळी पलंगावर बसायचं नाही, नळी ओढायची नाही, बाटली हलवायची नाही. मारोतरावांची बायको मीराबाई पन्ह्याची बाटली घेऊन आली होती. तिला तर तिने सगळ्या वॉर्डादेखत झापलं. मीराबाईने पदर तोंडाला लावला. "मी कायले हात लावू वं माय त्याले? मले तं तिकडं पाहाले बी लाज येते." त्या दिवसापासून मीराबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची आणि पन्हं दुसऱ्या कोणाच्या हाती आत पाठवायची. बायको बाहेर, नवरा आत, आणि ताप आपल्या जागी. चार नंबरचा रुपराव, ट्रकवरून पडून कमरेखाली लुळा झालेला धान्यबाजारातला हमाल, त्यालाही येऊन गेला होता. सोळा नंबरला आला. नळी घातलेले सहा जण, आणि सहाही जणांना आळीपाळीने.

"पाणी प्या," ती दर सकाळी सहाही जणांना सांगायची. "दिवसाला तीन लिटर. नुसतं तोंड ओलं करायचं नाही, पोटभर प्यायचं. पाण्यानेच आतली घाण धुऊन निघते." आज सांगताना मारोतरावांनी चादरीतून विचारलं, "तुमी किती पेता, सिस्टरबाई?" तिला दोन दिवसांपासून स्वतःलाच जळजळ होत होती. ती पहाटे पाचला उठून जरीपटक्याहून सायकलने निघायची, सात ते तीन ड्यूटी, मग तक्ते पुरे करता करता चार. मे महिन्यात डांबर टायरला चिकटायचं, आणि ती पहाटेनंतर घरी पोचेपर्यंत एकदाही लघवीला जायची नाही. परिचारिकांचा संडास तळमजल्यावर, स्वयंपाकघरापलीकडे, त्याची किल्ली कचेरीतल्या कारकुनाच्या टेबलावर. किल्ली मागितली की तो मान वर करून बघायचा, मग घड्याळ बघायचा, मग किल्ली द्यायचा. वर्षानुवर्षं तिने ते बघणं टाळलं होतं, आणि ते टाळायचं तर पाणी टाळायला हवं, हे गणित सोपं होतं. वॉर्डाला लागूनच डॉक्टरांसाठी एक होता, त्यावर तशी पाटी होती. त्या पाटीच्या खिळ्याला कोणी फडकं अडकवलं नव्हतं.

अडवून धरायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि सगळ्यांनीच शिकवलं होतं. शाळेत मुलींना लघवीला जागा नव्हती. छप्पनच्या ऑक्टोबरात ती चौदा वर्षांची होती. दीक्षेच्या दिवशी पहाटेपासून आई, देवकी, तिला पांढऱ्या लुगड्यात गुंडाळून मैदानावर घेऊन गेली होती. माणसं किती ते मोजायची कोणाला बुद्धीच झाली नाही. नजर जाईल तिथवर पांढरं. दुपारी तिला राहवेना. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, आई, मले लागली. देवकीने शेजारच्या अनोळखी बायांकडे पाहिलं, आणि त्या चार-पाच जणी उठून, हातात हात घालून, पाठ आत आणि तोंड बाहेर अशा गोल उभ्या राहिल्या. मधोमध प्रेमिला. डोक्यावर आकाश, सभोवार पाठी, पांढरे पदर वाऱ्यावर एकमेकांत अडकलेले. त्या दिवसाचं बाकीचं तिने पुढे लोकांकडून ऐकलं. तिला स्वतःला आठवायच्या त्या पाठी. इतकं मोकळं तिला त्यानंतर कधी वाटलं नव्हतं. पुढे नर्सिंगच्या शाळेत मेट्रनबाई भेटल्या. त्यांच्या इस्त्रीला एक सुरकुती चालायची नाही, आणि त्या म्हणायच्या, वॉर्ड असा दिसला पाहिजे की इथे कोणी आजारी आहे असं वाटता कामा नये. प्रेमिला वर्गात पहिली आली ती हे वाक्य पाठ करूनच. गजभिये आडनावाची मुलगी, तिच्या वॉर्डात डाग दिसला तर तो डाग कोणाचा म्हणतील हे तिला सांगावं लागलं नव्हतं. तेव्हापासून तिच्या वॉर्डातल्या चादरी रेघेत, पलंग रेघेत, आणि राउंडच्या दिवशी भर मे महिन्यातसुद्धा प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी लाल ब्लँकेट घडी घातलेलं.

तीन वाजता ड्यूटी संपली. मारोतरावांना स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन टोचून झालं होतं, घाम सुटून पारा एकशे एकवर आला होता. ती घरी निघायची ती निघाली नाही. सहाही तक्ते काढून तिने टेबलावर एकाखाली एक मांडले, तारखा जुळवून. आजवर ती एका वेळी एकच तक्ता बघत आली होती; ज्याला ताप, त्याचा तक्ता. सहा एकत्र मांडल्यावर तिला खुर्चीत सरळ बसावं लागलं. रेघा वेगवेगळ्या पलंगांच्या होत्या, पण चढत होत्या एकाच उभ्या रांगेत. बुधवार. शनिवार. बुधवार. एखादा बुधवार कोरा जायचा, एखाद्या शनिवारी दोघं; पण सोमवारी कोणी नाही, गुरुवारी कोणी नाही. राउंड मंगळवारी आणि शुक्रवारी. म्हातारा बरोबर बोलला होता. आणि राउंडच्या दिवशी दुपारपर्यंत नातेवाईक तर आत नसतातच. मग मीराबाईला झापलं ते कशासाठी? या विचाराचा तिला इतका राग आला की तिने तो लगेच दुसरीकडे वळवला. साहेबांचे हात! ते एका पलंगावरून दुसऱ्याकडे जाताना नळी चिमटीत धरून उचलतात, उजेडात बघतात, खाली सोडतात, आणि हात धुतात राउंड संपल्यावर, चहाच्या आधी. सायकलवरून घरी जाताना, ओटीपोटात सुया टोचत असताना, तिला चक्क आनंद झाला होता. खुलाशाची वाक्यं तिने इंदोऱ्याच्या चढावर जुळवली. 'सदर हात', असं ती लिहिणार होती. गुरुवारचा दिवसभर ते 'सदर हात' तिच्याबरोबर वॉर्डात फिरले.

शुक्रवारी मारोतरावांचा ताप पूर्ण उतरला होता. राउंड दहाला. एरवी साडेनऊ ते दहा ती आपल्या खोलीत केसपेपर क्रमाने लावत बसायची. त्या अर्ध्या तासात वॉर्ड तिच्या सवयीने आपोआप लागत असे, याचा तिला अभिमान होता. आज ती कपाटाच्या आडोशाला उभी राहिली. साहेबांचे हात यायच्या आधी सगळं कसं असतं ते बघायचं, म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको. रंभाबाईने चादरी ताणल्या. मग नत्थू आला, वॉर्डाचा सफाईवाला, फिनाइलची बादली आणि पोचा घेऊन. दोन नंबरपासून सुरुवात केली. त्याने बादली ठेवली, वाकून पलंगाखालची बाटली उचलली, लाल ब्लँकेटची घडी उलगडली, आणि बाटली रोग्याच्या दोन पायांमध्ये पलंगावर ठेवून तिच्यावरून ब्लँकेट ओढलं. हाताने सपाट केलं. एखाद्या बाळाला निजवावं इतक्या हळुवारपणे. मग खालची फरशी पुसली. पुढे चार नंबर: रुपरावाची बाटली वर. रात्रीची लघवी होती तिच्यात, गढूळ, अर्ध्याहून अधिक. बाटल्या राउंडनंतरच रिकाम्या व्हायच्या. नळीचं टोक त्या लघवीत बुडलेलं. बाटली वर गेली तशी नळीतली पिवळी रेघ क्षणभर थांबली आणि मग उलटी चालू लागली, रुपरावाच्या अंगात.

नत्थू सात नंबरला पोचला होता. मारोतरावांची बाटली त्याच्या हातात होती, पलंगाच्या काठापर्यंत आलेली. "ठेव खाली!" प्रेमिला ओरडली. तीस पलंगांनी माना वळवल्या. नत्थूने बाटली छातीशी धरली. "खाली ठेव म्हणते ना! काहून वर ठेवून राहिला रे तू?" वॉर्डात ती घरची बोली कधी काढायची नाही, तिला ते नंतर जाणवलं. नत्थूने बाटली जपून जमिनीवर टेकवली. "राउंड हाय ना, सिस्टर."

"राउंड आहे तर बाटली वर ठेवायची असं तुला कोणी सांगितलं?"

नत्थूने तिच्याकडे खरोखरीच्या आश्चर्याने पाहिलं. "आपनच तं सांगतलं होतं."

"मी?"

"मंत्री आले होते तवा. आपन बोलल्या, नत्थू, बाटल्या जमिनीवर दिसल्या नाई पायजे. मी इचारलं, कुठी ठेवू? आपन बोलल्या, कुठीबी ठेव, ब्लँकेटखाली ठेव, पन दिसल्या नाई पायजे." तो थांबला आणि, तिला मदत म्हणून, पुढे म्हणाला, "तवापासून एक बी राउंड चुकवला नाई मी."

तिला आठवलं. न आठवतं तर बरं झालं असतं. सत्तरचा जानेवारी, पहाटेपासून धावपळ, भिंतींना चुना, आणि ती साडीचा काठ सावरत धावता धावता नत्थूकडे न बघताच बोलली होती. बोलून विसरली होती. मंत्री सात मिनिटं थांबले. मेट्रनबाई म्हणाल्या, छान दिसतोय वॉर्ड. त्या एका सकाळचा हुकूम या माणसाने सव्वातीन वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी निमूट पाळला होता. तिचा दुसरा कोणताही हुकूम, हात धुवा, पाणी द्या, बादली झाका, असा कोणी पाळला नव्हता. तिला हसायला येईल असं वाटलं. सव्वातीन वर्षं. आठवड्याचे दोन. ती मोजायला लागली आणि तिला चेहरे दिसायला लागले. पूर्वी नऊ नंबरवर असलेले ते पोस्टमास्तर, भिवापूरहून आलेला तो मिरचीवाला म्हातारा, ज्यांच्या कागदावर तिने स्वतःच्या सुबक अक्षरात 'वार्धक्य' लिहून घेतलं होतं. ते कोणत्या वारी गेले? तिने मोजणं थांबवलं. थांबवलं म्हणजे संपलं नव्हतं.

दोन आणि चारच्या बाटल्या तिने स्वतः उतरवल्या. पावणेदहा. किती मिनिटं वर होत्या? दहा? "बाकीच्या?" नत्थूने विचारलं. "जिथे आहेत तिथे." दहाला साहेब आले, मागे चार जण. दारातच थबकले. सहा पलंगांखाली सहा बाटल्या, कोणतीही रेघ न पाळता, आपापल्या रंगाच्या, उघड्या. "हा काय प्रकार आहे, सिस्टर? वॉर्ड आहे का मुतारी?" मागच्यांपैकी एक हसला. "बाटल्या खालीच राहतील, सर," प्रेमिला म्हणाली. "आजवर राउंडला त्या पलंगावर ठेवत होतो. लघवी उलटी आत जात होती. दुसऱ्या दिवशी ताप. तक्ते टेबलावर मांडून ठेवले आहेत." "ठेवत होतो म्हणजे कोण?" "माझ्या हुकमाने." साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे, आणि बाटल्यांकडेच बघत सात नंबरकडे वळताना त्यांचा पाय नऊ नंबरच्या बाटलीला लागला. बाटली आडवी झाली, फुटली नाही, संथपणे गडगडत गेली, आणि आतलं सगळं फरशीवरून त्यांच्या काळ्या बुटाखाली पसरलं. कोणी हललं नाही. पोचा आणायला, बाटली उचलायला, माफी मागायला अशा वेळी कोण धावतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे तिच्याकडे बघत होते. तिला पहाटे पाचपासूनची सुई ओटीपोटात उभी टोचली. "नत्थू, पूस, नऊला नवी नळी आणि उकळलेली बाटली लावायची आहे, ते मी आल्यावर करते," ती म्हणाली. "पाच मिनिटांत येते, सर." आणि ती सगळ्यांच्या मधून चालत जाऊन डॉक्टरांसाठी अशी पाटी असलेल्या दारातून आत गेली, आणि तिने कडी लावली. बाहेर कोणी पाठ करून उभं नव्हतं. बाहेर सगळ्यांची तोंडं दाराकडे होती. जळजळीने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उठली नाही, पूर्ण होईपर्यंत बसली.

दुपारी तिने खुलासा लिहिला. तीन वाक्यांचा. त्यात साहेबांचे हात आले नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा कागद लागेल आणि तोही लिहावा लागेल, हे तिने मनात नोंदवलं. नत्थू दाराशी उभा होता. "माह्यावर येईन का, सिस्टर?" "नाही. हुकूम माझा होता." "मंग आता बाटल्या खाली?" "खाली. पलंगाच्या वर कधीच नाही." "मंत्री आले तरी?" "मंत्री आले तरी." त्याने मान हलवली, आणि तिला कळलं की हेही हा माणूस आता वर्षानुवर्षं पाळणार. मी बोलते आणि कोणीतरी ते खरंच करतं.

शनिवारी ती सातला वॉर्डात आली ती आधी दोन नंबरकडे गेली नाही, चारकडेही नाही. सरळ सातकडे गेली. थर्मामीटर मारोतरावांच्या जिभेखाली दिला आणि घड्याळ धरून उभी राहिली. दारात मीराबाई होती, आत येऊ की नको अशी. प्रेमिलाने तिला हाताने आत बोलावलं. ती येऊन पलंगाशेजारी उभी राहिली, खाली बाटलीकडे नजर गेली, पदर तोंडाकडे निघाला, आणि मग तिने पायाने आपली पिशवी थोडी बाजूला सारली, बाटलीला धक्का लागू नये म्हणून. तीन मिनिटं झाली. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. तिने ते दोनदा वाचलं नाही.

"काल तं साहेब आले होते," मारोतराव म्हणाले.

"आले होते."

"मंग ताप काहून नाई आला?"

"तो माझ्यामुळे येत होता, मारोतराव. मी बाटली वर ठेवायला लावली होती."

मारोतरावांनी नजर छताच्या पंख्याकडे वळवली. खांदे हलले नाहीत. मीराबाई म्हणाली, "अन् मले भाईर बसवलं वं तुमी." मोठ्याने नाही. प्रेमिलाने मान खाली घातली. काही वेळाने मीराबाईनेच सुरईतून पेला भरला, नवऱ्याला दिला, मग दुसरा भरून तिच्यापुढे धरला. दिला असं म्हणता आलं नसतं, धरला. प्रेमिलाने तो तिथेच उभ्याने, तळापर्यंत प्यायला. मग ती चार नंबरकडे गेली. रुपराव चादर गळ्यापर्यंत ओढून पडला होता, आणि थर्मामीटर हातात घ्यायच्या आधीच तिला त्याचे दात वाजताना ऐकू आले.